शेपूचा रिकामा रकाना

ताई,

ज्या मुलाचं डोकं तुझ्या मानेवर आदळलं त्याने मला पत्र पाठवलंय. एकोणीस वर्षांचा आहे. हाताने लिहिलंय, मोठ्या मोठ्या अक्षरांत, आणि सहीच्या खाली पुन्हा एकदा सॉरी. मी ते फाडलं. मग तुकडे जमिनीवर मांडून वाचलं आणि दुसऱ्यांदा फाडलं, या वेळी नीट, बारीक बारीक. त्याची चूक नाही हे मला कळतं. तो बॉल छातीशी धरून जिवाच्या आकांताने धावत होता, तुमच्या दोन पोरांनी त्याला बाजूने धडक देऊन रेषेबाहेर उडवलं आणि रेषेबाहेर तू होतीस, मैदानाकडे पाठ करून, एका पोराचा गुडघा हातात धरून. सगळं कळतं. तरी आज तो दारात उभा राहिला तर मी त्याच्या नाकावर बुक्की मारीन. तूही मारली असतीस, आणि मग त्याच्याच नाकाला बर्फ लावत बसली असतीस.

इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोनवर मला सांगितलं की तुझ्या ताई शांतपणे गेल्या. मी फोन आपटला. कोण शांतपणे गेलं? तीन दिवस मशीन तुझ्या छातीत हवा कोंबत होतं. तुझा डावा डोळा सुजून जांभळा झाला होता, आणि स्ट्रेचरवर घेताना तुझे केस कात्रीने कसेही कापले होते. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरने माझ्यापुढे कागद ठेवला, मी सही केली, आणि मशीन बंद झालं. त्या डॉक्टरलाही मारावंसं वाटलं होतं. तो बिचारा रडत होता.

तुझ्या युनिव्हर्सिटीने तुझ्यावर एक पान छापलंय. शिक्षण कुठे झालं, नोकरी किती वर्षं केली, सगळं त्यात आहे, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. त्यात तुला मनमिळाऊ म्हटलंय. मनमिळाऊ! अमरावतीला शाळेत माझी वेणी ओढणाऱ्या पोराच्या डोक्यात तू कंपासपेटी घातली होतीस आणि त्याला तीन टाके पडले होते. आईने त्यासाठी तुला लाकडी पट्टीने झोडपलं तेव्हा मार खाता खाता तू मला डोळा मारलास. इरा चार वर्षांची असताना तिच्या बाबाने माझ्यावर हात टाकला, हे मी तुला फोनवर सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू सात तास ड्राइव्ह करून फ्रिस्कोला माझ्या दारात हजर. त्याच्याशी शेकहँड करायला म्हणून हात पुढे केलास आणि मनगट असं पिरगाळलंस की तो सहा फुटी माणूस कार्पेटवर गुडघ्यांवर आला. "मी हाडं जोडायला शिकलीये," तू त्याला म्हणालीस, "म्हणजे ती कुठून मोडतात तेही शिकलीये." तो महिन्याभरात घर सोडून गेला. त्या दिवशी तू मला एकदाही विचारलं नाहीस की तू इतके दिवस गप्प काऊन बसलीस. फ्रिजमधलं काल-परवाचं सगळं खाल्लंस आणि इराला मांडीवर घेऊन झोपून गेलीस. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धत नाही, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुझा फोन. कामावरून घरी जाताना, गाडीतून. तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "आज टेबलावर पाच." म्हणजे त्या दिवशी तुझ्या उपचाराच्या टेबलांवर पाच फुटबॉलपटू पडलेले. हा इथला फुटबॉल, ज्यात पाय कमी आणि डोकी जास्त वापरतात, तीही आदळायला. मग कोणाचा खांदा निखळला, कोणाची बरगडी, कोण आईला फोन करून रडला, कोण दुखतं ते लपवतो. पुढच्या रांगेत उभी राहायला तुमच्याकडे मोजून तेवढीच पोरं होती. एक पडला की त्याच्या जागी उभा करायला दुसरा नाही, मग तू त्या पडलेल्यालाच पट्ट्या गुंडाळून परत उभं करायचीस आणि घरी जाताना स्वतःला शिव्या घालायचीस. मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. मला सगळ्यांची नावं पाठ झाली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

माझं काम काय आहे हे सांगताना मला नेहमी नाकी नऊ येतात. एकट्या तुला ते एका वाक्यात कळलं होतं. इथे कॉलेजांचे संघ एकेका कॉन्फरन्समध्ये असतात, म्हणजे दहा-पंधरा युनिव्हर्सिट्यांचं एक कुटुंब, आपसांत सामने खेळणारं आणि टीव्हीकडून येणारे पैसे वाटून घेणारं. अधूनमधून या कुटुंबाला नवीन सून आणायची असते. "म्हणजे तू वधूवर सूचक मंडळात आहेस," तू म्हणालीस, आणि अगदी तसंच आहे ते. उघड मागणी कोणी घालत नाही. आधी आमच्यासारखे सल्लागार चोरून पत्रिका जुळवतात. कोणीतरी गुपचूप जाऊन स्टेडियम आणि होस्टेलं बघून येतं. टीव्हीवाले कानात सांगतात की हिच्या माहेरी किती घरांत मॅच लागते. मग सगळ्या युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट आतल्या आत माना डोलावतात आणि त्यानंतर नवरीला निरोप जातो, की आता अर्ज कर, नकार येणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की अमुक युनिव्हर्सिटीने अर्ज केला आणि तो एकमताने मंजूर झाला.

तोपर्यंत नाव फुटू नये म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजला टोपणनाव देतात. दर वेळी ऑफिसातलं कोणीतरी विषय निवडतं, नद्या, पक्षी, चीजचे प्रकार. त्या वर्षी पाळी माझी होती. मी भाज्या दिल्या, आपल्या. पडवळ, दोडका, घेवडा. सूट घातलेले बारा लोक "पॅडवल"च्या स्टेडियमवर गंभीर चर्चा करायचे आणि मी खाली मान घालून हसायचे. मग यादीत तुझ्या युनिव्हर्सिटीचं नाव आलं. मी तिला शेपू केलं, कारण आपल्या घरात शेपूची भाजी फक्त तुलाच आवडायची.

त्याच दिवशी बॉसला सांगायला हवं होतं की माझी सख्खी बहीण तिथे फिजिओ आहे. नाही सांगितलं. माझं आडनाव नवऱ्याचं राहिलेलं, तुझं माहेरचं, कोणाला कळणार होतं?

आमच्या तक्त्यात बरेच रकाने असतात. टीव्ही, अंतर, अभ्यासाचा दर्जा, स्टेडियम. सगळ्यात शेवटी टिकावाचा रकाना. मोठमोठ्या संघांपुढे हा संघ आठवड्यामागून आठवडे उभा राहील का, बदली खेळाडू किती, दुखापती किती, पडलेल्यांना सावरायला माणसं किती. हे कॉलेजं सहसा कोणाला सांगत नाहीत. माहिती मिळाली नाही तर तो चौकोन रिकामा ठेवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. आणि रिकामा चौकोन असला की आमचं गणिताचं मॉडेल तिथे सरासरी गुण धरतं, खरे कितीही कमी असोत.

मी शेपूचा शेवटचा चौकोन रिकामा ठेवला.

तुमच्या जुन्या कॉन्फरन्समधली निम्मी कॉलेजं तेव्हा पळून गेली होती. तुमच्या खात्यात कपातीची भाषा सुरू होती आणि तू एक दिवस फोनवर म्हणालीस, "ओरेगॉनला एक जागा निघाली आहे, बघून राहिली मी." ओरेगॉन! सात तासांच्या ड्राइव्हवरून तू विमानाच्या अंतरावर जाणार होतीस. या देशात मला तू आणि इरा, तिसरं कोण आहे? मोठ्या कॉन्फरन्सने तुम्हाला घेतलं तर तुझी नोकरी पक्की, तुझ्या हाताखाली चार माणसं, नवीन टेबलं, नवीन इमारत. मला वाटलं मी तुला भेट देतेय. खरं तर मी तुला अडकवून ठेवत होते.

तुम्हाला घेतलं. तू फोनवर किंचाळलीस. गावात फटाके उडाले. मी इकडून ऐकत होते आणि इतकी खूश होते की रडले.

पहिल्या मोसमात मी आणि इरा घरचा पहिला सामना बघायला आलो होतो. समोरचा संघ बसमधून उतरला तेव्हा इरा म्हणाली, "मॉम, दे आर लाइक रेफ्रिजरेटर्स." पहिल्या धडकेचा आवाज वर शेवटच्या रांगेपर्यंत आला. प्लास्टिकवर प्लास्टिक, आणि त्याच्या आत काहीतरी मऊ. हाफटाइमपर्यंत तू सात वेळा मैदानात धावलीस. एका पोराच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तू त्यावर टॉवेल टाकलास, त्याला दिसू नये म्हणून, आणि दोन्ही हातांत त्याचं तोंड धरून त्याच्यावर ओरडत होतीस. काय ओरडत होतीस ते मागाहून सांगितलंस, "लुक ॲट मी! लुक ॲट माय अग्ली फेस!" तेवढ्यात बँड वाजायला लागला. पलीकडच्या कडेला त्यांची पोरं एकमेकांना हेल्मेट आपटून नाचत होती. शेवटी शेवटी स्कोअरच्या फळ्यावर जे आकडे होते ते बघून तुमचे लोक उठून निघून गेले, आणि तरी खेळ चालूच होता, कारण टीव्हीची वेळ भरायची होती.

सामन्यानंतर तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या बाह्यांवर कोपरापर्यंत रक्त होतं. एका बाजूला थुंकलीस. "भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची पाळी आली शुभे. बेडकी किती फुगली तरी बैल होते का? कोणत्या गाढवाने आमच्या पोरांना इथं आणून सोडलं?"

"प्रेसिडेंट लोकांनी मतदान केलं ना," मी म्हटलं. ते खरं होतं आणि ते मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. इराने तुला मिठी मारली तेव्हा तिचा नवा स्वेटर खराब झाला आणि तू तिला त्यावरून ओरडलीस.

मग दर शनिवारी तेच. "आज टेबलावर अकरा." "आज तेरा, दोन हॉस्पिटलात." नवीन इमारत आली, चार माणसं आली, टेबलंही आली, आणि सगळी टेबलं भरलेली असायची. तू मला विचारायचीस, "तू तर याच धंद्यात आहेस. आमचं नाव कसं आलं गं?" आणि मी म्हणायचे, माझ्याकडे नव्हतं ते काम. एकदा नाही, तीनदा म्हटलं.

यंदाच्या गणपतीला तुमचा सामना नव्हता म्हणून तू आलीस. मी उकड काढत होते. तुला म्हटलं, दुकानातून काय काय आणायचं ते लिहून काढ, ड्रॉवरमध्ये कागद आहेत. आपल्या घरात पाठकोरा कागद टाकणं म्हणजे पाप. बाबा एका बाजूने छापलेले कागद शिवून आपल्याला वह्या करून द्यायचे, तुझी चौथीची सगळी गणितं कुठल्याशा सहकारी संस्थेच्या अहवालाच्या पाठीवर होती. ऑफिसात असे कागद मशीनमध्ये घालून त्यांचा चुरा करायचा असतो. मी त्यातले पाठकोरे वेचून घरी आणते. दोन डिग्र्या घेतल्या, वीस वर्षं अमेरिकेत काढली आणि शेवटी पकडले गेले ते वाणसामानाच्या यादीत.

तू "खवा, केळीची पानं" एवढं लिहिलंस आणि कागद उलटा केलास.

"शुभे, हे काय आहे? शेपू, पडवळ, दोडका?"

"असेल जुनी भाजीची यादी."

"भाजीला स्टेडियम असते का?"

मी गॅस बारीक केला. तू कागद ओट्यावर ठेवून बोट फिरवत वाचायला लागलीस. शेपूचं अंतर तुमच्या गावाचं होतं. शेपूच्या स्टेडियममधल्या खुर्च्या तुमच्या स्टेडियममधल्या होत्या.

"शेपू म्हणजे आम्ही," तू म्हणालीस. "आणि हा शेवटचा रकाना काऊन रिकामा आहे?"

"माहिती मिळाली नव्हती."

"कोणाला?"

"मला. मला माहीत नव्हतं ताई."

"रोज संध्याकाळी मी कोणाशी बोलत होती मग? भिंतीशी?"

आणि तू मारलंस. उलट्या हाताने, पूर्ण ताकदीनं, वीस वर्षं पैलवानांचे खांदे जागेवर बसवणाऱ्या हाताने. माझा ओठ दातात सापडून फाटला. मीही काही गाय नव्हते. कढई माझ्या हातात होती, ती तुझ्यावर फेकली नाही एवढंच माझं चांगुलपण. झारा फेकला, तो तुझ्या कपाळावर बसला. मग चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका किचनच्या फरशीवर एकमेकींच्या झिंज्या धरून लोळत होत्या. तुझी बांगडी फुटली, काच माझ्या दंडात घुसली, उकड तुझ्या कोपराखाली चिरडली. तू एकेक नाव घेऊन मला हाणत होतीस, त्या पोरांची नावं, नडगीवाला, बरगडीवाला, मान अवघडून अजून खालीच बघणारा. इरा दारात उभी राहून ओरडत होती, "स्टॉप इट! बोथ ऑफ यू! बाप्पा इज राइट देअर!"

त्यावर आपण थांबलो. तोंडं धुतली आणि आरती केली. माझा ओठ फुटलेला, तुझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. टाळ तू वाजवलेस, माझ्याकडे न बघता, भिंत हादरेल इतक्या जोरात. मोदक झालेच नाहीत. इराने बाप्पापुढे बिस्किटं ठेवली.

तू न जेवता निघालीस. गाडीत बसून काच खाली केलीस. "लिही त्या लोकांना. लिही की तुला माहीत होतं आणि तू लपवलं. लिही की ह्या कॉलेजला जाऊ द्या, खालच्या कॉन्फरन्समध्ये जाऊ द्या, आपल्या मापाच्या लोकांशी खेळू द्या."

"माझी नोकरी जाईल ताई. नोकरी गेली की व्हिसा जाईल. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढली. इराचं काय?"

"आणि माझ्या पोरांचं काय?" तू म्हणालीस. "नाही लिहिलं तर मला फोन करू नको."

मी लिहिलं नाही. फोनही केला नाही. तूही केला नाहीस. हट्टात आपण अगदी सख्ख्या बहिणी. रोज संध्याकाळी त्या वेळी मी फोन ओट्यावर उताणा ठेवून भाजी चिरायचे. पाच आठवडे असेच गेले. एकदा मी तुझा नंबर लावला आणि एक रिंग होण्याआधी कापला. तुला दिसला असेल का मिस्ड कॉल? मी तुझा फोन हॉस्पिटलातून घरी आणलाय, पण त्याचा पासवर्ड मला माहीत नाही.

त्या शनिवारी दुपारी मी टीव्ही लावून बसले होते. कामासाठी, असं मी इराला सांगायचे. खरं तर कडेला उभी असलेली तू दिसतेस का ते बघायला. दिसलीस. निळा टी-शर्ट, केसांना तोच जुना रबर. तू वाकलीस, एका पोराला बाकावरून खाली उतरवून त्याचा पाय मांडीवर घेतलास. मी मनात म्हटलं, वळ ना गं इकडे, मैदानाकडे तोंड करून बस, किती वेळा सांगितलंय. मग ते तिघं आले. बाकाची लोखंडी कड. कॉमेंट्री करणारा म्हणाला, "ओह, दॅट्स अ स्टाफ मेंबर." त्यांनी ते पुन्हा दाखवलं. मग दुसऱ्या बाजूने दाखवलं. मग सावकाश करून दाखवलं, तुझी मान कशी गेली ते. मी टीव्हीसमोर उभी राहून बंद करा, बंद करा म्हणून ओरडत होते, आणि रिमोट माझ्याच हातात होता.

तेराव्यानंतर ऑफिसात गेले. मेलमध्ये त्या सामन्याचा आलेख येऊन पडला होता, कुठल्या मिनिटाला किती घरं बघत होती त्याचा. सामना एकतर्फी होता, लोक चॅनेल बदलत होते, रेघ उतरत उतरत चालली होती. मग एका ठिकाणी ती सरळ वर चढली. तिथे कोणीतरी बारीक अक्षरात टीप लिहिली होती, साइडलाइन इन्सिडंट. मी पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि स्क्रीनवर घातली. दोनदा घातली. आयटीवाला आला, काचा गोळा केल्या आणि नवीन स्क्रीन लावून गेला.

काल प्रेसिडेंट लोकांची व्हिडिओ मीटिंग होती. आणखी एक कॉलेज घ्यायचं घाटत होतं, आणि ते तुमच्यासारखंच लहान. तक्ता मी दाखवायचा होता. मी तक्ता उघडलाच नाही. सगळं सांगितलं. शेपू, तू, संध्याकाळचे फोन, रिकामा चौकोन, तो कागद, तुझं मारणं. सांगितलं की मी खोटं केलं आणि त्यात तुमची पोरं तुडवली गेली आणि माझी बहीण मेली. सांगितलं की त्या कॉलेजला जाऊ द्या. मला वाटलं आता पोलीस येतील, निदान नोकरी तरी जाईल.

मीटिंगच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. फार चांगल्या आहेत त्या, आवाज एकदम मऊ. म्हणाल्या, "शुभा, आम्हा सगळ्यांना अतिशय दुःख आहे. पण स्वतःला दोष देऊ नका. खरं सांगते, तो शेवटचा रकाना आमच्यापैकी कोणी बघत नाही. आम्हाला त्या राज्यातले टीव्ही हवे होते. तुम्ही खरं भरलं असतं तरी मतं तशीच पडली असती." एक गृहस्थ सॅलड खाता खाता मान डोलवत होते. दुसरे म्हणाले, तुमच्या पोरांना एवढ्या मोठ्या मैदानावर खेळायला मिळतंय, ती त्यांना मिळालेली संधी आहे. तेव्हा माझ्या तोंडून मराठी सुटलं. मुडदा बशिवला तुमचा, मेल्यांनो, तुमच्या लेकरांना आणून उभं करा त्या रांगेत, आणि आणखी बरंच, जे तूच मला शिकवलं होतंस. कोणी दचकलंसुद्धा नाही. मग मला दिसलं, मला म्यूट केलेलं होतं. पाच मिनिटांत त्यांनी त्या नव्या कॉलेजला होकार दिला. तुमच्याबद्दल पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

बॉसचा लगेच फोन आला. "टेक ऑल द टाइम यू नीड, शुभा. तुझी नोकरी कुठेही जात नाही." म्हणजे ज्या व्हिसासाठी मी पाच आठवडे तुला फोन केला नाही, त्याला कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

आता तू ऐक. मला माहीत होतं ताई. ओट्याशी उभी राहून तुला म्हटलं ना, माहीत नव्हतं, ते खोटं होतं. कोणाचा खांदा, कोणाचा गुडघा, कोण किती दिवस बाहेर, सगळं माहीत होतं. तो चौकोन भरायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो बघितला, त्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या कॉलेजवर गेले. हे तुला तोंडावर सांगायचं होतं.

काल संध्याकाळी इरालाही सांगितलं. ती आता बारा वर्षांची आहे, सगळं नीट ऐकलं, माझे केस मागे सारले आणि म्हणाली, "इट्स नॉट युअर फॉल्ट, मॉम." काकूही तेच म्हणतात. डॉक्टर म्हणाला, अध्यक्ष बाई म्हणाल्या, बॉस म्हणाला. आता वाटतं, तो मुलगाही पत्रात तेच म्हणत असेल, मी नीट वाचलं नाही. सगळे माझ्याशी इतके चांगले वागतायत की माझा जीव गुदमरतो. हे ऐकून मला खांद्याला धरून उभी करील आणि दुसऱ्या गालावर ठेवून देईल असं एकच माणूस होतं आणि त्याच्या मशीनच्या कागदावर मी सही केली.

ये ना गं. एकदा ये, आणि मार मला.